धोबीतलावचा ग्लोव्ह

बेसबॉलमध्ये फिल्डिंगला नऊ जण आणि आमच्याकडे ग्लोव्ह सहाच, म्हणून आम्ही टीमने वर्गणी काढून धोबीतलावचं एक दुकान गाठलं. काकांनी आधी क्रिकेटचे कीपिंग ग्लोव्हज काढले (मुंबई आहे, चालायचंच!), मग माळ्यावरून खोकं उतरवलं. ग्लोव्हचं चामडं मस्त, पण पुठ्ठ्यासारखं कडक. आत बॉल घालून, दोरीने बांधून आठवडाभर गादीखाली दाबला, तेव्हा कुठे वळायला लागला. घ्याच. बॉल मात्र घेऊ नका. १०८ टाक्यांची लाल शिवण पंधरा दिवसांत उसवली. काका बदलून देईनात. शेवटी आमच्या कॅचरने, परीक्षा तोंडावर असताना, दाभण घेऊन रात्री तो शिवला आणि सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. शिवण जरा वाकडी आलीय. कर्व्ह (हवेत वळणारा बॉल) आता आपोआप पडतो.