डॉट नेट ८ : व्हीबी आणि सी शार्प एकाच घरात

देवगड-जामसंड्यातल्या काही आंबा बागायतदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. वाशीच्या बाजारातून पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की हमाली, तोलाई वजा करून कोणाच्या किती पेट्या नि हातात किती पैसे, ते काढायचं. मूळ कोड व्हीबीतला (व्हिज्युअल बेसिक, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा), भरवशाचा. तो मोडायचा नव्हता, पण नवं काम सी शार्प या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या भाषेत हवं होतं. म्हणून डॉट नेट ८ वर, म्हणजे दोन्ही भाषा चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मवर, दोघांना एकत्र नांदवलं.

नांदतात, आणि झकास नांदतात. दोन्ही भाषांचे कंपायलर (कोडचं भाषांतर करणारे प्रोग्रॅम) शेवटी सीआयएल याच मधल्या भाषेत कोड उतरवतात; त्याचा मशीन कोड करणं रनटाइमचं, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉट नेटच्या भागाचं काम. त्यामुळे व्हीबीतला पट्टीचा क्लास सी शार्पमधून इन्हेरिट होतो (त्यावरच पुढचं बांधता येतं), डीबग करताना, म्हणजे चुका शोधताना, एकीतून दुसरीत सरळ शिरता येतं. फक्त एका प्रोजेक्टला एकच भाषा; दोन प्रोजेक्ट करा नि एकातून दुसऱ्याचा रेफरन्स द्या.

पण रनटाइम एक म्हणून गणितही एक, असं धरून चालू नका. ४७ फळांचे डझन किती? सी शार्पमध्ये दोन पूर्णांकांवर '/' लावला की ३. व्हीबीत तोच '/' ३.९१६ देतो, ३ हवे तर '\' लिहायचं. हे ३.९१६ पूर्णांकात आणा: सी शार्पचा कास्ट (आकड्याचा प्रकार बदलणं) अपूर्णांक छाटून ३ देतो, व्हीबीचं पूर्णांक करणारं फंक्शन सीइंट ४. वर सीइंट २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४, कारण बरोबर अर्ध्यावर तो सम आकड्याकडे झुकतो. हे बागायतदाराला समजावायला जाल तर तो पेटी उघडून तुमच्यासमोर फळं मोजेल! मी राउंडिंग सगळं एकाच सी शार्प लायब्ररीत ठेवलंय, पैशांना सगळीकडे डेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार.

नावांचंही तसंच. फक्त कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने दोन पब्लिक नावं ठेवलीत तर व्हीबी अडून बसतं. लायब्ररीला 'सीएलएस कंप्लायंट' (डॉट नेटच्या सगळ्या भाषांना चालेल अशी) ही खूण लावा, सी शार्पचा कंपायलर आधीच टोकतो.

वाड्यांमध्ये नेट रामभरोसे, म्हणून रनटाइमसकट पब्लिश करून (चालवायला तयार फाइल बनवून) पेनड्राइव्हवर देतो. फाइल जड होते, चालायचंच.

पाचात चार तारे. एक कापला तो व्हीबीच्या वाट्याचा: मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच सांगितलंय की ही भाषा पुढे वाढवायचा बेत नाही. जुनं चालू राहील, नवं त्यात लिहू नका. आणि आज सुरुवात करणार असाल तर थेट डॉट नेट १० घ्या, ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे.