चेंजओव्हरच्या नावाखाली १४,८०० रुपये गेले, आणि एक जीव जाता जाता वाचला

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर आमच्या वाडीत बावीस दिवस वीज नव्हती. वडिलांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी जनरेटर घेतला आणि तो घराला जोडण्याचे काम एका इलेक्ट्रिशियनला दिले. चेंजओव्हर स्विच (घर बाहेरच्या लाइनवरून जनरेटरवर वळवणारा) ३,२००, केबल ४,६००, अर्थिंग ४,५०० आणि मजुरी २,५००, असे १४,८०० रुपये मी रोख मोजले.

निघताना तो म्हणाला, "जनरेटर चालू करण्याआधी मीटरजवळचा मेन आठवणीने पाडा." तिथेच मला कळायला हवे होते! चेंजओव्हर खरा असेल तर हँडल जनरेटरकडे वळवताच बाहेरची लाइन, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, तुटते. मग मेन पाडण्याची आठवण कशाला ठेवायची? पण भिंतीवर पेटी होती, तिला हँडल होते, माणूस गावोगाव कामे करणारा होता. पेटीचे स्क्रू काढून कोण पाहतो?

मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वादळात वीज गेली आणि गडबडीत आईने मेन न पाडताच जनरेटर सुरू केला. मी अंगणातल्या झावळ्या उचलत असताना समोरच्या खांबावरून लाइनमन ओरडला. तुटलेल्या तारेला हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावला होता आणि तो पेटला होता. खाली उतरून त्यानेच पेटी उघडली: आत साधा स्विच, तोही फक्त जनरेटरच्या वायरीवर; मेनची वायर बाजूने सरळ बोर्डात गेलेली. म्हणजे मेन चालू राहिल्याने जनरेटरची वीज घरातून उलटी बाहेरच्या तारांत जात होती. अशी उलटी गेलेली वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली, तर पलीकडच्या तारांत ११,००० व्होल्ट उतरू शकतात. अर्थिंगचा खड्डा उकरला, तर दोन फुटांची गंजकी सळई निघाली.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून तक्रार घेतलीच नाही. वीज कार्यालयात मीटरच्या पुढचे काम आमचे नाही असे उत्तर मिळाले, आणि वर माझेच कनेक्शन तोडण्याची धमकी! विद्युत तपासणी कार्यालयात तीन खेपा घातल्या. दर वेळी नवा अर्ज मागितला गेला, आणि शेवटी परवाना क्रमांक असलेले बिल नसेल तर कारवाई कोणावर करायची, असे मलाच विचारले. साध्या कागदावरचे बिल घेऊ नका. परवाना क्रमांक आणि टेस्ट रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क नाही, म्हणून आता तिथे तक्रार केली आहे.

तो माणूस अजूनही आसपासच्या गावांत कामे घेतो. मेन पाडायला सांगून कोणी तुमच्या भिंतीवर पेटी बसवून गेला असेल, तर जनरेटर पुन्हा सुरू करण्याआधी परवानाधारक माणसाकडून ती उघडून घ्या.