कॅसेट घेतल्या ११२, खऱ्या निघाल्या १९

जुन्या मराठी कॅसेट गोळा करायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी हे आधी वाचावं. "वडिलांचा संग्रह काढतोय, चांगल्या घरी जावा एवढीच इच्छा" अशी जाहिरात देत ठाणे आणि नवी मुंबईत एक माणूस बनावट कॅसेट विकत फिरतो आहे. माझे २६,४२० रुपये त्याने घेतले. ११२ कॅसेटचे प्रत्येकी १६० रुपयांप्रमाणे १७,९२०, आणि कॅसेट वाजवायच्या "सर्व्हिसिंग केलेल्या" डेकचे ८,५००. त्यातले ३,००० टोकन आणि नंतरचे १५,००० यूपीआयने दिले. उरलेले ८,४२० त्याने रोखच मागितले.

मी ठाण्यातल्या चरईत राहते. माझ्या वडिलांकडे नाट्यसंगीत, अभंग, भावगीतांच्या भरपूर कॅसेट होत्या. घर बदलताना बऱ्याच गेल्या, त्या परत जमवायच्या होत्या. मोबाइलवर सगळं मिळतं असं लोक म्हणतात, पण मिळत नाही. लहान कंपन्यांनी काढलेल्या, रंगमंचावर ध्वनिमुद्रित केलेल्या कितीतरी कॅसेट पुढे कुठेच आल्या नाहीत. ज्यांना हे माहीत असतं तीच माणसं असल्या जाहिरातीला उत्तर देतात, आणि त्यालाही नेमकी तीच हवी असतात.

फोनवर तो अगदी जाणकारासारखा बोलायचा. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कोणाची कुठली कॅसेट पहिली काढायची हे त्याला ठाऊक होतं. ऐरोलीत एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने बोलावलं. घरात रंगकाम चालू आहे, वर बसायला जागा नाही म्हणाला. असं कोणाच्याही घरी असू शकतं, संशय घेण्यासारखं त्यात मला काही वाटलं नाही. त्याने खोक्याच्या वरच्या थरातली एक कॅसेट काढून डेकवर लावली. आवाज सुरेख होता. ती खरीच होती. वरचा सगळा थर खरा होता!

आणि मग तो क्षण. दुसऱ्या थरातली एक कॅसेट मी हातात घेतली, उलटी केली, तर वरच्या कडेच्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेला. कॅसेटच्या जमान्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला लागत नाही. कंपनीच्या भरलेल्या कॅसेटला त्या कडेला प्लास्टिकचे दोन तुकडे नसतात, तिथे भोकंच असतात, म्हणजे चुकून कोणी वर रेकॉर्डिंग करू नये. त्या भोकावर सेलोटेप लावला की पुन्हा रेकॉर्ड करता येतं. ऐंशीच्या दशकात घराघरांत हेच चालायचं. मी विचारलंसुद्धा, "हे काय लावलंय?" तो म्हणाला, "ताई, बाबांची सवय होती, धूळ जाऊ नये म्हणून लावायचे." बाबांची सवय! वारलेल्या माणसाचं नाव पुढे केल्यावर समोरचा गप्प बसतो हे त्याला पक्कं माहीत होतं. टोकन देऊन झालेलं, दिवेलागणीची वेळ, वॉचमन रिक्षा हलवा म्हणून मागे लागलेला, त्यात मी एकटी. माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तरी खोकं उचलून निघालं असतं. पण तो सेलोटेप अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी आल्यावर एकेक लावत गेले. एका कॅसेटमध्ये नाट्यपद संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधी खणखणीत हिंदीत एक पुरुषी आवाज: जाहिरातींशिवाय गाणी ऐकायची तर सबस्क्रिप्शन घ्या. फुकटच्या ॲपवरून थेट कॅसेटवर भरलेलं! त्यानंतर मी प्रत्येक कॅसेट तपासली. कव्हरचा कोपरा ओल्या बोटाने चोळला की शाई पसरत होती, म्हणजे घरच्या प्रिंटरवर छापलेलं. कॅसेटवरच्या कागदी लेबलाची कड नखाने उचकटली तर खाली दुसरं लेबल, एकावर आरत्या, एकावर कुठल्याशा लोकगीतांचं. भंगारातून किलोवर आणलेल्या कॅसेट, त्यावर नवं लेबल, नवं कव्हर आणि आत ॲपवरची गाणी. अशा ९३ निघाल्या. त्यांचेच झाले १४,८८० रुपये.

कव्हरवरची सगळ्यांत खालची बारीक ओळ वाचत जा. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापावंच लागतं. स्कॅन करून छापलेल्या कव्हरवर ही ओळ चिकटून काळी पट्टी झालेली असते. आणि १९८० ची छपाई म्हणून विकत असलेल्या कव्हरवर इंग्रजी पत्त्यात बॉम्बेऐवजी मुंबई लिहिलेलं असेल तर सरळ परत करा. ते नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदललं.

पैशांपेक्षा डेकचा राग जास्त आहे. वडिलांनी १९८७ च्या गणपतीत म्हटलेली भजनं घरीच रेकॉर्ड केलेली होती, त्याची एकच प्रत. ती मी या डेकमध्ये लावली, "सर्व्हिसिंग केलेला" म्हणून. दोन मिनिटांत आवाज घोगरा झाला आणि थांबला. दार उघडलं तर फीत रोलरला गुंडाळली गेली होती. नौपाड्यातल्या जुन्या मेकॅनिकने ती सोडवून दिली, १,३५० रुपये घेतले, पण एका भजनाचा तुकडा चुरगळला तो चुरगळलाच. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता. सर्व्हिसिंगच्या नावाखाली फक्त वरची कॅबिनेट पुसली होती. अनोळखी डेकमध्ये आधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवा, दोन्ही बाजू पूर्ण. घरची एकुलती प्रत त्यात घालूच नका. तिची आधी डिजिटल प्रत करून घ्या.

आता पोलीस. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले तर सांगितलं, "व्यवहार खाडीपलीकडे झाला, तिकडे जा." तिकडे गेले तर म्हणाले, "तुम्ही राहता तिथे द्या." नव्या कायद्याप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्याला घ्यावी लागते, हद्द नंतर बघायची. हे मी बोलून दाखवलं तर साहेबांच्या कपाळाला आठी. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? आणि कॅसेट आता ऐकतं कोण?" कोण ऐकतं याच्याशी गुन्ह्याचा काय संबंध? खोटा माल खरा म्हणून विकणं म्हणजेच फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. शिवाय तपशील न छापता ध्वनिमुद्रण विकलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६८अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही दोन्ही कलमं मी कागदावर लिहून नेली होती. तो कागद बघितलाही नाही. "दिवाणी बाब आहे" म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतली आणि माझी बोळवण केली. खोकं टेबलावर ठेवलं होतं, त्यातली एक कॅसेटसुद्धा कोणी उघडून पाहिली नाही. बँकेचं उत्तर त्याहून थोर: पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार? सामान्य माणसाने तक्रार करू नये अशीच ही सगळी व्यवस्था आहे की काय, असं वाटायला लागतं.

तुमच्या बाबतीत लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर ताबडतोब फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, मी आता त्याच तयारीत आहे. विकणाऱ्याशी बोलणं फोनवर नको, लेखी चॅटवरच करा. त्याच्याकडून "ओरिजिनल" हा शब्द लिहून घ्या. रोख मागितली तर पाठ फिरवा. थरातली वरची नाही, तळाची कॅसेट वाजवायला सांगा, आणि दोन्ही बाजू मधूनमधून ऐका. फीत खिडकीतून उजेडात धरून बघा. कडेवर पांढुरकी बुरशी असेल तर घेऊ नका, ती डेकच्या हेडवरून (ज्या भागाला घासून फीत वाजते) तुमच्या बाकीच्या कॅसेटमध्ये जाते. मधोमध फीत दाबणारा लहानसा फेल्ट असतो, तो गळलेला नाही ना तेही पाहा.

त्या १९ कॅसेट मी नीट ठेवल्या आहेत. उभ्या, स्पीकरपासून लांब, पूर्ण गुंडाळून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. इथल्या पावसाळ्यात त्या पुड्या बदलाव्याच लागतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते, पण रबरी रोलरला ते लावत नाही.

तो माणूस थांबलेला नाही. नंबर बदलला आहे, यावेळी गाव घणसोली सांगतो आणि बाबांच्या जागी काका वारले आहेत. फोटो मात्र तेच: निळ्या-पांढऱ्या चौकटीच्या फरशीवर मांडलेल्या कॅसेट, उजव्या कोपऱ्यात तुटक्या हँडलचा डेक. हा फोटो दिसला तर एक रुपयाही टोकन देऊ नका, आणि त्याचा नवा नंबर मला कळवा. आयोगाच्या अर्जात तो लावायचा आहे.