जागतिक इतिहासाची कार्डं: आठ महिने वापरल्यानंतर

लेक आठवीत गेली तेव्हा हा ६० कार्डांचा संच घेतला. पुढच्या बाजूला माणसाचं मोठं चित्र, मागे साल आणि चार ओळी. माझा हिशेब साधा होता, खेळता खेळता सनावळ्या पाठ होतील. पहिले दोन महिने तेच केलं. मी साल म्हणायचं, तिने नाव. दोघंही कंटाळलो.

मग तिनेच भिंतीला दोरी बांधली. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर, १४०० ते २००० अशी सहा मीटर, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कार्डं टांगली. संचाची खरी किंमत (आणि उणीवही) तेव्हा कळली.

१४५० नंतर कार्डं एकमेकांवर चढायला लागली. छापखानेवाला गुटेनबर्ग, १४५३ चं कॉन्स्टँटिनोपल, १४९२ चा कोलंबस, १४९८ चा वास्को द गामा, १५१७ चा ल्यूथर. छापखाना आणि ल्यूथर यांच्यात जेमतेम ६७ सेंटिमीटर! चर्चच्या कारभारावर टीका करणारी त्याची ९५ कलमं काही आठवड्यांत जर्मनीभर कशी पोचली, हे मला सांगावंच लागलं नाही. पण कॉन्स्टँटिनोपलच्या कार्डामागे लिहिलंय की तुर्कांनी शहर घेतलं, म्हणून युरोपीय लोक समुद्री वाट शोधू लागले. पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोरचं भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये. दोन्ही चिमटे १४५३ च्या डावीकडे. ‘मग “म्हणून” कसं?’ असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत मीही तो ‘म्हणून’ पाठ केला होता.

सारायेव्होच्या (१९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची, फर्डिनांडची, हत्या झाली ते शहर) कार्डाने तर आठवडा खाल्ला. त्यावरचं वाक्य असं: प्रिन्सिपने गोळी झाडली आणि महायुद्ध पेटलं. सकाळी बॉम्ब हुकला, मग जखमींना भेटायला निघालेल्या फर्डिनांडची गाडी चुकीच्या रस्त्याला वळली आणि तिथेच १९ वर्षांचा प्रिन्सिप उभा होता, ही गोष्ट तिला भयंकर आवडली. पण वर्षाला एक सेंटिमीटर असल्यावर महिना दिसणार कुठे? म्हणून १९१४ साठी वेगळी दोरी, एका दिवसाला एक सेंटिमीटर. २८ जून ते ४ ऑगस्ट, ३७ सेंटिमीटर. सुरुवातीचे २५ जवळपास रिकामे, मध्ये फक्त ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला दिलेला पाठिंबा. २३ जुलैला ऑस्ट्रियाची सर्बियाला ४८ तासांची मुदत, २८ ला युद्धघोषणा, ३० ला रशियाची सैन्यजमवाजमव, १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला ब्रिटन. म्हणजे गोळीनंतर जवळजवळ महिनाभर थांबायला जागा होती. कार्डावर मात्र त्यातलं काहीच नाही, नुसता प्रिन्सिपचा चेहरा.

हा दोष सगळ्या संचाचा आहे. चित्र एका माणसाचं, त्यामुळे कर्तृत्वही त्याच्याच नावावर. जेम्स वॉटच्या कार्डावर सरळ ‘वाफेच्या इंजिनाचा शोध’ लिहिलंय. न्यूकमनचं इंजिन १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं. वॉटने १७६९ च्या पेटंटात त्याला वेगळा कंडेन्सर (वाफ थंड करणारं भांडं) दिला आणि कोळसा वाचवला. ही सुधारणा मोठीच, पण शोध म्हणजे वेगळं.

निवडही एकांगी. नेपोलियनची तीन कार्डं आहेत. त्याच काळात गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेल्या हैतीचं एकही नाही.

बाकी छपाई चांगली, चित्रं फिकी पडलेली नाहीत. कोपरे चिमट्यांनी दुमडले, त्याला आम्हीच जबाबदार. खोका तिसऱ्या महिन्यात फाटला.

पाठांतरासाठी घेणार असाल तर वही पुरते. दोरी बांधायला भिंत असेल आणि मागच्या ओळींशी भांडायची तयारी असेल, तर जरूर घ्या. साधारण सहावीच्या पुढे. त्याआधी सालांमधलं अंतर मुलांना फारसं जाणवत नाही.

मूळ ६० मध्ये आता घरी केलेली ११ कार्डं मिसळली आहेत. हैतीच्या बंडाचा नेता तूसँ लूव्हर्त्यूर याचं चित्र तिला पसंत नाही, टोपी चुकली म्हणते. ते परत काढायचंय.