'द नेस्ट' घ्यावी की 'द डच हाऊस'?

मोठी झालेली भावंडं आणि बापाचा पैसा या विषयावर एखादी इंग्रजी कादंबरी वाचायची म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात, सिंथिया डी'ॲप्रिक्स स्वीनीची 'द नेस्ट' (२०१६) आणि ॲन पॅचेटची 'द डच हाऊस' (२०१९). मी दोन्ही वाचल्यात, त्यातली एक परत वाचली. शेवट फोडत नाही, पण मधलं थोडंफार सांगावंच लागेल त्याला इलाज नाही.

सुरुवात बघितली तर 'नेस्ट' सरळ बाजी मारते. न्यू यॉर्कमधली चार प्लम भावंडं, वडिलांनी त्यांच्यासाठी ठेवलेला फंड, आणि अट काय तर धाकटी मेलडी चाळिशीची झाली की वाटणी. आता इतकी वर्षं पैसा येणार येणार म्हटल्यावर माणसं काय करतात, तर तो आधीच खर्च करून बसतात. मेलडीच्या डोक्यावर घराचे हप्ते आणि जुळ्या मुलींचं कॉलेज, दुसरी बहीण बी हिची कादंबरी कैक वर्षं अडकलेली, जॅकने तर नवऱ्याला पत्ता न लागू देता दोघांच्या समुद्राजवळच्या घरावर कर्ज काढलेलं. आणि ऐन वेळेला थोरले बंधुराज लिओ एका लग्नातून नशेत, एकोणीस वर्षांच्या वेट्रेसला घेऊन गाडीतून निघतात, अपघात होतो, त्या पोरीचं पाऊल जातं, आणि प्रकरण मिटवायला आई फंडातले बहुतेक पैसे देऊन मोकळी होते. म्हणजे भांडणाला लागणारं सगळं साहित्य पहिल्या काही पानांतच तयार. लेखिकेची पहिली कादंबरी आहे हे कुठे जाणवत पण नाही, विनोद झकास आहे, आणि जॅकची लपवाछपवी वाचताना तर आपल्यालाच घाम फुटतो.

मग अडलं कुठे? लिओ व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलाय, पहिल्यांदाच चौघं जेवायला भेटणार आहेत, त्याच्यासमोर कोणी प्यायची नाही असं बाकी तिघांनी फोनवर ठरवलंय, आणि तिघंही एकमेकांना न सांगता ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या आसपास तीन वेगवेगळ्या बारमधे बसून गुपचूप एकेक पेग मारतायत. काय सीन आहे राव! भावंडं म्हणजे काय ते एका परिच्छेदात सांगून टाकलंय. पण माझी तक्रार अशी की पुढची सगळी कादंबरी साधारण तशीच चालते, जो तो आपापल्या बारमधे. जॅकचं एक प्रकरण, मग मेलडीच्या मुलींचं, मग लिओच्या जुन्या मैत्रिणीचं, मग तिच्या भाडेकरूचं, त्याच्याकडे असलेल्या चोरीच्या पुतळ्याचं, त्या वेट्रेसचं, तिला भेटलेल्या माजी सैनिकाचं. एकेक वाचायला छानच आहे, पण चौघं समोरासमोर येऊन कोणीतरी आता खरं बोलणार असं वाटतं तेवढ्यात प्रकरण संपतं आणि आपण तिसऱ्याच माणसाच्या घरात. काही वेळाने तर मी पानं चाळून बघायला लागलो की हे लोक परत एका टेबलवर कधी बसणारेत. कोणाला हीच गंमत वाटत असेल, एवढी पात्रं सांभाळणं सोपं नाही हे पण मान्य. पण मी भावंडं वाचायला आलो होतो.

'डच हाऊस'मधे दोघंच आहेत, डॅनी आणि त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी मेव्ह. फिलाडेल्फियाजवळच्या एल्किन्स पार्कमधलं, १९२२ साली बांधलेलं आलिशान घर, वडील गेल्यावर सावत्र आई अँड्रिया दोघांना तिथून बाहेर काढते. पंधरा वर्षांच्या डॅनीला अक्षरशः बॅग भरायला लावते. पुढे कित्येक वर्षं ही दोघं त्या घरासमोर रस्त्यावर गाडी लावून आत नुसती बसतात, सिगरेटी ओढतात, घराकडे बघत तेच तेच उगाळत बसतात. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, आणि हो, आहेच थोडं, मधे गाडी जरा पुढे सरकेल का असं होतं. पण निदान एकाच गाडीत आहेत! एकमेकांना खोटं पाडतात, टोमणे मारतात, वडिलांच्या एकाच आठवणीच्या दोन आवृत्त्या काढतात, हे सगळं आपल्यासमोर.

आणि वारशाचा विषय म्हणाल तर मला वाटतं तो इथे जास्त खोल गेलाय. घर, धंदा सगळं अँड्रियाकडे, ह्यांच्या हाती उरतो फक्त डॅनीच्या शिक्षणाचा ट्रस्ट, त्यात पण अँड्रियाच्या दोन मुलींचा वाटा. मग मेव्ह काय डोकं लावते, तर शिक्षण जितकं लांबेल आणि महाग असेल तितका ट्रस्ट रिकामा होईल, म्हणून भावाला डॉक्टर करायचं. त्याला डॉक्टर व्हायचंय का? अजिबात नाही, त्याचा जीव वडिलांसारखा घरं-इमारती घेण्यात. तरी तो वर्षानुवर्षं शिकतो, कशासाठी तर सावत्र आईचे पैसे संपावेत म्हणून. आणि ही गणितात हुशार बाई स्वतः मात्र फ्रोजन भाज्यांच्या कंपनीत हिशेब बघत आयुष्य काढते. हे प्रेम आहे की सूड, की मेव्हला स्वतःला न मिळालेलं सगळं भावाकडून करून घेणं, हे मला दोन्ही वेळा वेगवेगळं वाटलं. 'नेस्ट'मधे पैसा गेला की माणसं कशी वागतात ते कळतं, इथे न मिळालेल्या पैशाने एका माणसाचं करिअर ठरतं.

खटकणारं इथे पण आहे. अँड्रिया बराच काळ अगदी गोष्टीतल्या सावत्र आईसारखीच राहते, आणि सगळी कथा डॅनीच्या तोंडून असल्यामुळे बिचाऱ्या बायकोच्या वाट्याला फार काही येत नाही. (ते मुद्दाम असावं, कारण आपल्यासाठी राबणाऱ्या बायका ह्या गृहस्थाला दिसतच नाहीत, पण वाचताना चिडचिड होते ती होतेच.)

तर प्रवासात वाचायला, हसत हसत भराभर संपवायला काहीतरी हवं असेल, किंवा पैशाची थेट भानगड आवडत असेल तर 'नेस्ट' घ्या, वाया जाणार नाही. पण एकच घ्यायची आणि घरी बहीण-भाऊ असतील, त्यातून थोरल्या बहिणीने वाढवलेले असाल, तर मी आपला 'डच हाऊस'च म्हणेन. २०२०च्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती म्हणून नाही, मेव्ह अजून डोक्यातून जात नाही म्हणून. ऑडिओबुक टॉम हँक्सने वाचलंय आणि मस्तच वाचलंय, फक्त त्याचा आवाज इतका भला आहे की डॅनीचा आप्पलपोटेपणा पटकन लक्षात येत नाही, छापील वाचताना तो लगेच टोचतो. त्यामुळे जमलं तर आधी पुस्तक, ऑडिओ दुसऱ्या फेरीला.