परीक्षा फॉर्ममध्ये मोबाइल नंबर कुणाचा आहे, ते आजच बघा

परीक्षा फॉर्म भरायचे दिवस पुन्हा जवळ आलेत, म्हणून हे आत्ताच लिहितेय. गेल्या सत्रात माझ्या धाकट्या बहिणीकडून 'विलंब शुल्क' म्हणून ३,८०० रुपये उकळले गेले. तिच्याच खोलीत राहणाऱ्या मुलीकडूनही तेवढेच. आमचे बाबा नागपूर जिल्ह्यात कुहीकडे शेती करतात; महिन्याची खोली आणि मेस भागवून वर एवढे पैसे काढणं म्हणजे काय, हे तिकडच्या घरांना सांगायला नको. आणि पैसे गेल्यावर चौकशी करता करता त्याहून वाईट गोष्ट बाहेर आली. विद्यापीठाच्या पोर्टलवरचं तिचं खातं प्रवेशाच्या दिवसापासून तिच्या ताब्यात नव्हतंच.

कॉलेजचं, विद्यापीठाचं आणि जिथे अर्ज भरला त्या ऑनलाइन सेंटरचं नाव मी देत नाही. तक्रार चालू आहे, आणि नागपुरात विद्यापीठं काही एकच नाही. पण ही पद्धत कुठेही चालू शकते, म्हणून ती नीट समजून घ्या.

गावाकडून नंदनवन, सक्करदरा, मेडिकल चौक या पट्ट्यात खोली करून राहणारी मुलं प्रवेशाचा अर्ज सहसा स्वतः भरत नाहीत. त्यात त्यांचा आळस नसतो. पोर्टल मोबाइलवर धड उघडत नाही. फोटो इतक्या केबीच्या आत, सही वेगळी स्कॅन केलेली, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं ठरावीक साइजमध्ये पाहिजे. शेवटची तारीख परवावर आलेली असते आणि सर्व्हर बसलेला असतो. मग झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानातल्या ऑनलाइन सेंटरसमोर रांग लागते. बहिणीसोबत मीही त्या रांगेत होते. दुकानदार बोलायला गोड. आधारला बाबांचा नंबर जोडलेला, आणि बाबांचा फोन वावरात असताना लागत नव्हता. तो म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ ताई, पोर्टलला माझाच नंबर टाकून देतो. ओटीपीची कटकटच नाही. ईमेलपण मीच बनवून देतो."

त्याच्या काउंटरवर एक लांबट रजिस्टर होतं. पानावर हातानं मारलेल्या रेघा, पहिल्या रकान्यात नाव, मग युजर आयडी, मग पासवर्ड, मग घेतलेले पैसे. पासवर्डचा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच साच्यातला: मुलीचं नाव, ॲट द रेट, एक-दोन-तीन. पान उलटलं तर मागचं पानही तसंच. बहिणीचं नाव त्यात चढलं आणि तिच्या हातात एक चिठ्ठी आली, युजर आयडी आणि पासवर्डची. आमच्या दृष्टीनं काम झालं होतं.

परीक्षा फॉर्मही तिथूनच भरला. फी भरली, पावती मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांनी तिला फोन आला. मोबाइलवर नाव दिसत होतं 'एक्झाम सेल'. हे नाव कॉलर ओळखणाऱ्या ॲपमध्ये कुणीही आपल्या नंबरला लावून घेऊ शकतो, हे आधी ध्यानात घ्या. समोरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा फॉर्म त्रुटीत पडला आहे. विषयाचा कोड जुळून नाही राहिला. आज संध्याकाळपर्यंत लेट फी भरली नाही तर हॉल तिकीट निघणार नाही." तिनं सांगितलं की माझा फॉर्म सबमिट झालाय, पावतीही आहे. त्यावर त्यानं तिचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, वाचून दाखवला, सगळे विषय क्रमानं सांगितले, आईचं नाव सांगितलं, मागच्या सत्रात कोणता विषय राहून एटीकेटी लागली तेही सांगितलं. आणि वर म्हणाला, "विश्वास नसेल तर पोर्टल उघडून बघा न."

तिनं उघडलं. पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. 'पासवर्ड विसरलात का' यावर बोट ठेवलं तर ओटीपी पाठवल्याचं दिसलं, पण तिच्या मोबाइलवर काही येईना. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "त्रुटीमुळे लॉगिन बंद झालं आहे मॅडम. फी भरली की तासाभरात सुरू होऊन जाते." तिनं क्यूआर कोडवर पैसे भरले. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पावती आली, आणि खरंच तासाभरात जुन्या चिठ्ठीवरच्याच पासवर्डनं लॉगिन सुरू झालं. इथे भल्याभल्यांची खात्री पटेल. ज्याच्या हातात खातं आहे तो पाहिजे तेव्हा पासवर्ड बदलतो, पैसे आले की पुन्हा जुना ठेवतो, आणि समोरच्याला वाटतं की विद्यापीठानंच बंद केलं आणि विद्यापीठानंच सुरू केलं.

हे उघडकीला आलं ते दोन पावत्यांमुळे. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला असाच फोन आला होता, तिनंही पैसे भरले होते. रात्री दोघींनी मोबाइल शेजारी-शेजारी धरून पावत्या पाहिल्या, तर नाव आणि पीआरएन वेगळे, पण पावती क्रमांक एकच. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. नीट पाहिलं तर रकमेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड आणि जरा खाली सरकलेले होते. खऱ्या पावतीवर कुणीतरी वरून मजकूर बदलला होता. बहिणीनं तेव्हाच मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या विद्यार्थी खिडकीवर गेलो. तिथल्या बाबूंनी मॉनिटर आमच्याकडे वळवून दाखवला. फॉर्म भरला त्याच दिवशी स्वीकारलेला, त्रुटी काही नाही, बाकी शून्य. मग मी विचारलं, नोंदवलेला मोबाइल नंबर कोणता आहे? त्यांनी वाचून दाखवला. तो ना तिचा होता, ना माझा, ना बाबांचा. तिथल्या तिथे बहिणीच्या मोबाइलवरून तो नंबर लावला, तर स्क्रीनवर तिनं स्वतःच सेव्ह केलेलं नाव आलं: ऑनलाइन सेंटर. फोन कुणी उचलला नाही. एक्झाम सेलच्या नावानं बोलणारा माणूस तोच, की त्याच्याकडून माहिती घेतलेला दुसरा कुणी, हे पोलीस ठरवतील. लॉगिन परत मिळवायचा ओटीपी मात्र त्याच नंबरवर जात होता.

माझं सगळं सांगणं इथेच आहे. आपण पासवर्ड लपवतो, तो कुणाला सांगू नका म्हणतो. ते बरोबरच आहे. पण पासवर्ड कितीही अवघड ठेवा, तो बदलायचा ओटीपी दुसऱ्याच्या नंबरवर जात असेल तर घर तुमच्या नावावर आणि कुलूप बदलायचा हक्क शेजाऱ्याकडे, अशी गत होते. खातं त्याचं, ज्याचा नंबर आणि ईमेल त्यात नोंदवलेला आहे.

तुमचा नंबर कोणता नोंदवलाय हे बघायला खिडकीवर जायचीही गरज नाही. बहुतेक पोर्टलवर 'पासवर्ड विसरलात का' दाबलं की फुल्या-फुल्या आणि शेवटचे दोन-चार आकडे दिसतात. ते आकडे तुमचे आहेत का, एवढंच बघा. दिसत नसतील तर ओटीपी मागवा आणि तो तुमच्या हातातल्या फोनवर येतो का ते पाहा. ईमेलचंही तसंच. माझ्या बहिणीच्या नावानं जो जीमेल पत्ता बनवला होता, तो तिनं एकदाही उघडला नव्हता. कॉलेजच्या सगळ्या सूचना तिकडे जात होत्या. असा पत्ता सुधारत बसू नका, सोडून द्या आणि स्वतःचा नोंदवा. स्वतःचाच पत्ता सेंटरच्या कॉम्प्युटरवर कधी उघडला असेल, तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात रिकव्हरी नंबर कोणता आहे आणि कोणकोणत्या डिव्हाइसवर खातं उघडं आहे ते बघा; अनोळखी असेल ते बाहेर काढा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर या दोन जागाही बघा. तिथे कुणी नियम लावून ठेवला असेल तर पासवर्ड बदलल्यावरही तुमची पत्रं दुसरीकडे जात राहतात, किंवा तुमच्या नजरेला न पडता कचऱ्यात जातात.

दोन गोष्टी सुरक्षित राहिल्या, आणि त्या का राहिल्या तेही सांगते. दाखले ऑनलाइन ठेवायच्या डिजिलॉकरचा सहा आकडी पिन सेंटरवाल्यानंच ठेवला होता, पण नवा पिन लावताना ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे बाबांच्या फोनवर गेला. बाबांना बांधावर थांबायला सांगून आम्ही तो पाच मिनिटांत बदलला. शिष्यवृत्तीचे पैसेही आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे अर्जाचं लॉगिन कुणाकडे असलं तरी तेवढ्यानं ते वळवता येत नाहीत. मात्र नूतनीकरणाच्या वेळी लॉगिन अडवून पैसे मागता येतात, म्हणून महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा नंबरही आताच तपासून घ्या.

आणखी एक. ऑफर संपली की मुलं सिम टाकून देतात. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. तो तुमच्या विद्यापीठाच्या खात्यात तसाच राहिला, तर तुमचा ओटीपी कुण्या अनोळखी माणसाला जाईल. सिम सोडायच्या आधी नंबर बदला.

विद्यापीठाच्या खात्यातला नंबर बदलून घेताना मात्र आमचा जीव मेटाकुटीला आला. लेखी अर्ज, ओळखपत्र, आधारची प्रत, प्राचार्यांची सही, शिक्का, मग विद्यापीठात फाइल. पहिल्यांदा नंबर नोंदवताना कुणी काही विचारलं नव्हतं. एका अनोळखी माणसाचा नंबर एका क्लिकमध्ये आत जातो आणि मुलीचा स्वतःचा नंबर आत जायला शिक्के लागतात, याचा मला आजही राग येतो. या काळात खातं सेंटरवाल्याच्याच हाती राहतं. म्हणून आधी एका ओळीचा अर्ज द्या, 'माझं खातं तात्पुरतं बंद ठेवावं', आणि त्याची पोच घ्या. बाकीची कागदपत्रं मागाहून जोडा.

कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी मूळ कागदपत्रं तपासायला विद्यार्थी खिडकीवर येतोच. तेव्हा नोंदवलेल्या नंबरवर एक रिंग द्या. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या किंवा पालकाच्या खिशातला फोन वाजला नाही, तर नंबर तिथेच बदला. याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, खर्च लागत नाही. आणि जन्मतारीख हाच पहिला पासवर्ड ठेवायची पद्धत बंद करा. ती तारीख प्रत्येक दाखल्यावर छापलेली असते.

सेंटरवाले सगळे वाईट नसतात. त्यांच्याशिवाय गावाकडच्या मुलांचे अर्ज भरलेच जाणार नाहीत, हे मला माहीत आहे. फॉर्म जरूर तिथे भरा, पण नंबर आणि ईमेल तुमचा टाकायला लावा, ओटीपीसाठी थांबावं लागलं तरी थांबा. तिथल्या ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह होऊ देऊ नका. आमच्यासमोर त्या दुकानदारानं युजर आयडीच्या चौकटीत एकच अक्षर टाकलं आणि खाली मुलींच्या आयडींची लांब यादी उघडली होती; त्यातला एक निवडला की पासवर्ड आपोआप भरला जातो. घरी आल्यावर स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला. लांब ठेवा, आपल्याच भाषेतले चार-पाच असंबद्ध शब्द रोमन अक्षरांत जोडून, आणि तो दुसऱ्या कुठल्याही खात्याला वापरू नका. अमेरिकेतली 'निस्ट' ही मानकं ठरवणारी संस्था २०१७ पासून हेच सांगते, की लांबी महत्त्वाची, उगाच ठरावीक दिवसांनी बदलायची सक्ती नको.

फी मागणारा फोन आला तर फोन ठेवा आणि खिडकीवर जा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमध्ये सुरुवातीचं 'https://' सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी पत्ता कशानं संपतो ते बघा. 'डॉट एसी डॉट इन' हा शेवट अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत शिक्षणसंस्थांनाच मिळतो; टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल तर तो पत्ता कुणाचाही असू शकतो. क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी माणसाचं नाव आलं, तर पैसे पाठवू नका.

पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. मग सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६क, म्हणजे '६६ सी'खाली गुन्हा आहे आणि तोतयेगिरी करून फसवणं '६६ डी'खाली. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे पूर्वीचं ४२०, तेही लागतं.

माझी बहीण आणि तिच्या खोलीतली मुलगी यांच्याखेरीज आणखी काही मुलींचे नंबर त्याच सेंटरचे निघालेत, आणि त्यातल्या काही जणी घरी कळेल म्हणून गप्प आहेत. त्यांच्या आई-वडिलांनी हे वाचलं असेल तर मुलीवर रागावू नका, तिच्यासोबत पोलिसांत जा. प्रत्येकीनं स्वतःची वेगळी तक्रार द्यावी. बनावट पावतीची मूळ पीडीएफ, व्हॉट्सॲपचं संभाषण आणि कॉलची नोंद फोनमधून पुसू नका, नुसता स्क्रीनशॉट ठेवून भागत नाही. आणि सेंटरवरून मिळालेली युजर आयडीची ती हातानं लिहिलेली चिठ्ठी सापडली, तर तीही फाइलला लावा. आमच्या तक्रारीत तपास अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी तीच मागितली.