पिचिंगच्या प्रबंधासाठी मार्कर लावावेत की नुसते कॅमेरे?

बेसबॉलमधल्या पिचिंगच्या (चेंडू फेकण्याच्या) बायोमेकॅनिक्सवर, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या यांत्रिकीवर, प्रबंध घ्यायचा तर हा निर्णय पहिल्याच सत्रात करावा लागतो. मी एक वर्ष मार्कर (कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून कातडीवर चिकटवायच्या खुणा) लावून काम केलं, दुसऱ्या वर्षी मार्करलेसवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यांवर, गेलो.

मार्करच्या बाजूने जुन्या संशोधनाचं वजन मोठं आहे. संशोधक ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये कोपरावरचा सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळणारा जोर) नोंदवला तो मार्करच्याच आधारे. स्वतःचे आकडे त्या परंपरेशेजारी मांडायचे असतील, तर मार्कर सोडू नका असंच मी म्हणेन.

माझं मन उडालं ते एका त्रासामुळे. चेंडू सुटताना दंड सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने आत फिरतो. त्या झटक्यात घामेजलेल्या कातडीवरचा मार्कर उडतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेकदा कोपराच्या आतल्या उंचवट्यावरचाच. सगळं गणित त्याच्यावर उभं! चिकटपट्टी बदलून पाहिली, कातडी स्पिरिटने पुसून पाहिली. परत लावलेला मार्कर दोन-चार मिलिमीटर जरी सरकला तरी कोपराचा अक्ष बदलतो, म्हणून चेंडू टाकणाऱ्या मुलाला पुन्हा स्थिर उभं करून नोंद घ्यायची. तोवर त्याचा खांदा थंड पडतो. मग पुन्हा वॉर्म-अपचे चेंडू. ज्या कोपरावरचा ताण मोजायला आपण बसलो, त्याच कोपरावर आपणच जास्तीचे चेंडू लादतोय, हे मला फार लागलं.

मार्करलेसमध्ये मुलगा अंगात शर्ट घालून, रोजच्या माउंडवरून (चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून) टाकतो. आपल्याला क्रिकेटच्या पायचीतवरून ओळखीचं असलेलं हॉक-आय २०२०पासून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या मैदानांत आहे, आणि ते खेळाडूंच्या हालचालीही अशीच टिपतं. उणीव आहेच: हाड स्वतःभोवती किती फिरलं, म्हणजे खांद्याचं आत-बाहेर वळणं आणि मनगटाकडचा पीळ, यात त्याचे आकडे मला कमी भरवशाचे वाटतात. जुन्या आकड्यांशी थेट तुलना मी टाळतो. पण एकाच पिचरचा पहिला आणि साठावा चेंडू ताडून पाहायचा असेल, थकव्यात गुडघा आणि धड कसं बदलतं हे पाहायचं असेल, तर माझं काम त्यावर नीट झालं.

तुमचा प्रश्न फक्त कोपराच्या टॉर्कचा नसेल, तर मी मार्करलेसच घेईन. फक्त उजेड भरपूर ठेवा. शटर वेगवान नसेल तर हात धूसर येतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.